रांगेतली नवी घागर

दुष्काळाच्या त्या वर्षी अहमदपुरात आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा. आदल्या संध्याकाळीच घागरी रांगेत लागायच्या आणि एक म्हातारी त्यांच्यावर नजर ठेवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती घागरी मोजत नसे. रांगेकडे एकदा बघायची, डोळे मिटायची, पुन्हा उघडायची. "ही हिरवी काल नव्हती," म्हणायची, आणि हिरवी घागर मुकाट्याने मागे जायची.

एकदा रांगेत बसून मी लॅपटॉपवर काम करत होते. परदेशातली एक दुर्बीण आपोआप त्याच त्या दीर्घिकांचे फोटो काढते आणि संगणक जुना-नवा फोटो ताडून फुटलेला तारा शोधतो. अशा ताऱ्यांवरून विश्व किती वेगाने फैलावतंय ते कळतं. संगणक चुकतोही, म्हणून शेवटचा होकार माणसाने द्यायचा. माझे आधीचे दोन होकार चुकले होते. आणखी एक चुकला तर काम जाणार होतं.

"काय बघायलीस, पोरी?" म्हातारीने विचारलं.

मी दोन्ही फोटो दाखवले. तिने जुना बघितला, डोळे मिटले, मग नवा बघितला. "हे नवं हाय," ती एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली.

मीही तसंच करून पाहिलं. ठिपका खरंच नवा होता.

इंग्रजी शाळेतल्या माझ्या मराठीत मी अडखळत सांगितलं, की हा उजेड पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हा निघालाय.

ती भर उन्हात कितीतरी वेळ आभाळाकडे बघत राहिली.

"लई लांबून आलंय," ती म्हणाली. "ह्याला मागं नको धाडू."

मी होकार पाठवला.