सायीची चोरी

मावशींचा जन्म गेला मुलींच्या बालगृहात. नोकरी सुटली, पण बालगृह काही त्यांना सोडायला तयार नव्हतं. दुपारी डोळा लागला की ती लांबलचक खोली समोर यायची. ओळीनं खाटा, खिडकीतून उतरलेलं पिवळं ऊन, उशीत तोंड खुपसून झोपलेल्या पोरी. झोपेतच मावशी कुणाची तरी चादर सारखी करायच्या, आणि हात फिरत असायचा स्वतःच्याच पांघरुणावर.

त्यातली एक पोर आता खरोखरच शेजारच्या खोलीत होती. अठरा पूर्ण झाली की बालगृहाचं दार बंद, असा नियम. हिला ना आगा ना पिछा. "माझ्याकडे राहून बघ," मावशी म्हणाल्या होत्या. "पटलं तर कायमची राहा, नाहीतर नोकरीवाल्या मुलींचं होस्टेल आहेच." होस्टेलला आज संध्याकाळी कळवायचं होतं. तिनं राहावं म्हणून मावशी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. पण पोर आपली पाहुण्यासारखी. पाणी प्यायलासुद्धा विचारायची. बॅग पलंगाखाली, भरलेलीच.

मावशी उठून बाहेर आल्या, तर पोर स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसलेली, मांडीवर बॅग. दाराला बाहेरच्या दाराचं कुलूप!

"हे कुणी लावलं गं?"

"तुम्हीच. झोपेत चालत आलात, लावलंत आणि गेलात." ती हसली नाही. "असू दे मावशी. तिकडेही लावायचातच की."

मावशींचा हात कमरेकडे गेला. तिकडे जेवणं उरकली की स्वयंपाकघराला कुलूप आणि किल्ली कमरेला, कारण पोरी दुधावरची साय पळवायच्या. जित्याची खोड, दुसरं काय! आताही किल्ली कमरेलाच होती. त्यांनी कुलूप काढलं आणि कडीकडे रागानं बघितलं.

"ही कडीच उखडून टाकते. सुरी आण बरं आतून."

"कुठली घेऊ?"

"कुठलीही घे! सारखं काय विचारतेस?" मावशींचा आवाज चिरकला. "मला पाहुणी नकोय गं. मला तू हवी आहेस."

पोर उठून आत गेली. तिनं सुरी आणली. दोघींनी मिळून स्क्रू फिरवले. कडी निघाली, दाराला भोकं राहिली. "संध्याकाळी काय ते सांग," असं म्हणून मावशी पुन्हा आडव्या झाल्या.

पुन्हा ती खोली, पुन्हा ते ऊन. आणि लांबून कुठून तरी पातेल्यावरचं झाकण हलकेच वाजलं. एरवी त्या ताडकन उठल्या असत्या, "कोण आहे गं तिकडे?" म्हणून. आज त्यांनी एकच डोळा किलकिला केला. स्वयंपाकघरात पोर पाठमोरी उभी होती, बोट दुधाच्या पातेल्यात. बॅग दाराशी आडवी पडली होती, विसरल्यासारखी.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं दुधाच्या मालकिणीनंच डोळे मिटले आणि कुशीवर वळून झोपेचं सोंग घेतलं.