मावशीचा उसना चॅनेल

माझी मावशी टॅक्सीच्या ऑफिसात वायरलेसवर बसते. चॅनेल आमचा नव्हेच, हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकांचा. त्या गप्प असतील तेवढ्यात आमच्या टॅक्स्यांनी बोलून घ्यायचं. बदल्यात टेकडीपलीकडच्या रुग्णवाहिकेचा निरोप मावशीने हॉस्पिटलला पोचवायचा. बोलण्याआधी कान द्यायचा, हा करार. कान देताना ती डोळे मिटून भुवया अशा चढवते, जणू कुणी कानात गार पाणी सोडतंय. ही नक्कल मी केली की सगळ्यांत जोरात तीच हसायची.

त्या दुपारी तिने कान दिला. सामसूम. "बोल रे भोंग्या."

भोंग्या आमचा ड्रायव्हर. पत्ता विचारायला बटण दाबतो आणि सासूच्या गुडघ्यांपर्यंत जातो. "ताई, गिऱ्हाईक म्हणालं खाणीपाशी, इथे चिटपाखरू नाही! बरं, सासूबाईंचं ऐका..."

तेव्हाच खाली खाणीत रुग्णवाहिका वायरलेसवर ओरडत होती. खड्ड्यातला आवाज मावशीपर्यंत चढतच नव्हता. वर उभ्या भोंग्याला तो ऐकू आला असता, पण बोलायला बटण दाबलेला माणूस ठार बहिरा. निरोप गेलाच नाही. पाय चिरडलेला कामगार हॉस्पिटलात पोचला, तेव्हा तिथे काहीच तयारी नव्हती. पाय कापावा लागला.

हॉस्पिटलचे साहेब आले. "बाई, ऐकलं नाहीत?"

"ऐकलं ना. शांत होतं."

"तुमच्याकडे शांत होतं!"

ते चॅनेल काढूनच घेणार होते. मावशी म्हणाली, "थोडे दिवस द्या. आता माझ्या एकटीच्या कानावर नाही चालवणार."

आता ती बटणाची नुसती टिक देते. ज्या ड्रायव्हरच्या भागात शांतता, तो उलट टिक देतो. सगळ्यांच्या आल्या तरच बोलायचं.

काल भोंग्याची आली नाही. टॅक्सीचे मालक करवादले, "गिऱ्हाइकं ताटकळलीत! तो झोपला असेल!"

मावशीने बटणाला हात लावला नाही.

मग भोंग्या कुजबुजला. भोंग्या, आणि कुजबुजला! "ताई, खाली खाणीतून रुग्णवाहिका बोलली. श्वास अडकलाय, म्हातारी बाई. सांगा पुढे."

मावशीने सांगितलं. पलीकडून साहेबांचाच आवाज: "मिळालं. तयारी करतो. चॅनेल राहू दे तुमच्याकडे."

मालकांनी टाळी वाजवली. मी डोळे मिटून भुवया चढवल्या. मावशी हसली नाही.

"गप," म्हणाली. "भोंग्याची टिक यायचीय अजून."