हॅशपुढच्या ओळी

पाणीपुरवठ्याच्या संगणकखोलीत काकांना सगळे काकाच म्हणत. तीस वर्षं काळ्या पडद्यावर आज्ञा बडवून त्यांनी शहराचे पंप चालवले. माउस होता त्यांच्या टेबलावर, पण कागद उडू नयेत म्हणून.

शेजारच्या टेबलावरच्या ताईने त्या काळ्या पडद्याला नवं रूप द्यायचं मनावर घेतलं, तेव्हा काकांनी नाक मुरडलं. नव्या खिडकीत बटणं होती, आणि एखादं अक्षर टाकताच पूर्वी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली ओळ फिक्या अक्षरांत आपोआप उमटत होती.

"जुनं सगळं वर काढणार का ती?" काकांनी विचारलं.

"सगळं! का, काही लपवलंय वाटतं?" ताईने चिडवलं.

काका हसले नाहीत. त्यांची एक खोड होती. पंपाने जोर धरेपर्यंत ते हॅश, म्हणजे # ही खूण, टाकून मनातलं लिहीत बसत. हॅशपुढची ओळ यंत्र आज्ञा म्हणून पाळत नाही, नुसती ठेवून देतं. घरी त्यांच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि ताईने कधी विचारलंही नव्हतं.

मग एका दुपारी काका खुर्चीतच गेले. ताईपासून तीन हातांवर.

दोन महिन्यांनी नवी खिडकी सगळ्यांच्या यंत्रांवर चढायची ठरली. "काकांच्या जुन्या ओळी तेवढ्या पुसून टाका," साहेब म्हणाले, "नव्या माणसाला कशाला तो पसारा?" पुसण्याआधी एकदा तपासावं म्हणून ताई काकांच्या यंत्रापुढे बसली आणि तिने नवी खिडकी त्यावर चढवली. सहज हॅश टाकला. फिकी अक्षरं उमटली: ताई जेवली का विचारायचं.

तिने वेळेसकट सगळी यादी उघडली आणि शेवटच्या दिवसापर्यंत खाली गेली.

११:४० # डावा हात जड झालाय
१२:०५ # ताईला सांगू का
१२:०६ # कानात इअरफोन आहेत. कामात आहे पोर. राहू दे

१२:१० ला दोन नंबरचा पंप बंद करण्याची आज्ञा. तीही अगदी बिनचूक. पुढे काही नाही.

"झालं का?" साहेबांनी दारातून विचारलं.

"होतंय," ताई कशीबशी म्हणाली. १२:०६ची ओळ तिने स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतली आणि बाकीचं सगळं पुसलं. मान्य, साहेबांचं ऐकायला नको होतं. पण त्या ओळी दुसऱ्या कुणी वाचाव्यात हे तिला सोसवेना.

आता रोज सकाळी ती आपल्या जागेवर बसते, हॅश टाकते, आणि काका तिला तेच सांगतात: कानात इअरफोन आहेत. कामात आहे पोर. राहू दे. इअरफोन तिने केव्हाच खणात टाकलेत. तरी शेजारी खुर्ची करकरल्यासारखी वाटते आणि ती वळून बघते. तिथे नवा माणूस बसलेला असतो.

एके दिवशी तिला राहवलं नाही. तिने खाली लिहिलं:

# काका, मी कामात नव्हते. ह्या अक्षरांना कुठला फिका रंग द्यायचा, ते ठरवत होते.

तिने एंटर दाबलं. यंत्राने ती ओळ ठेवून घेतली.