‘यान अकेला’ आणि आम्ही चुका काढणारे

दोन-चार माणसं एकाच गोष्टीला जीव लावून बसली, की किस्से शोधावे लागत नाहीत. पलंगाखाली सामान साचतं तसे ते आपोआप साचतात. आमचे किस्से मी कितीतरी वर्षं हसत हसत सांगत आलोय. शेवटचा मात्र दरवेळी गाळतो. आज गाळत नाही.

माझ्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘यान अकेला’ नावाची हिंदी मालिका लागायची. आपला ग्रह हरवलेलं एक यान, त्यात एक कप्तान आणि पांढऱ्या मिशांचे एक डॉक्टर. बटणं पुठ्ठ्याची, कपडे चांदीच्या कागदाचे, पण आम्ही वेडे झालो होतो! मग ती बंद पडली. पुढे आमचं रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं, तेलीबांध्याकडे इमारती उठायला लागल्या, आणि त्याच सुमारास बातमी आली : ‘यान अकेला’ पुन्हा सुरू होतंय!

आम्ही तिघं होतो. रेल्वेतले खोब्रागडे काका, वयाने मोठे. जुने सगळे भाग त्यांना तोंडपाठ. देवांगन भैया केबलवाला, अस्सल छत्तीसगढी, कशालाही ‘हव’, म्हणजे ‘हो’, म्हणणारा. आणि मी, सिंचन खात्यातला बाबू. बैठक काकांकडे, समता कॉलनीत, एका दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर.

*

पहिला भाग लागला. यानाचं दार सरकलं आणि काका ताडकन उभे राहिले.

“उजवीकडे सरकलं! जुनं दार डावीकडे सरकत होतं!”

“हव काका, एकदम उल्टा!” देवांगन म्हणाला.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “तिकडचं दार कुठं सरकून राहिलं ते बरोबर दिसते तुमाले! आपल्या न्हाणीचं दार सा महिन्यांपासून लागून नाही राहिलं, ते काहून नाही दिसत?”

काका खाली बसले. “तिले सायन्स नाही समजत,” म्हणाले. पण अगदी हळू!

*

एकदा देवांगनचं एक मशीन बिघडलं. दुसऱ्या मशीनवर एकच चॅनल दाखवता येत होतं. एक तर यान, नाही तर भारताची मॅच. त्याने यान लावलं!

दहा मिनिटांत अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, त्याच्या घराखाली जमा. “भैया, मॅच लगाओ!” म्हणून आरडाओरडा. देवांगन गॅलरीत आला, हात जोडले आणि म्हणाला, “मॅच कौन जीता, वो कल पेपर में आ जाएगा. यान का पेपर में नहीं आता!”

अर्ध्या पाऱ्याने दुसरा केबलवाला धरला. देवांगनला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या बायकोला वाटलं.

*

नव्या मालिकेत डॉक्टर होती एक तरुण मुलगी. तिला पाहून काकांचं बीपी वाढायचं. “मिशा कुठं गेल्या?” असं ते खरंच विचारायचे! शेवटी ठरलं, चॅनलला पत्र लिहायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहिणार मी. काका डोळे मिटून सांगत होते आणि मी हिंदीत उतरवत होतो. एकतीस चुका भरल्या! दार, हेल्मेट, कप्तानाची चाल, सगळं.

पानाच्या तळाशी थोडी जागा उरली होती. मला काय सुचलं कोण जाणे, बत्तिसावा मुद्दा मी माझ्या मनाने घातला : ‘इस नई डॉक्टर को देखते ही टीवी बंद करने का मन होता है.’

खाली सहीऐवजी ‘रायपुर के पुराने दर्शक’ एवढंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. देवांगन लोटपोट! काकांनी पाठीवर थाप मारली, “वा रे पोट्ट्या! एकतीस माझे एकीकडे, अन् हा एक एकीकडे!”

आफिसात कोणी माझं कधी कौतुक केलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरापर्यंत शीळ घालत गेलो.

*

काही महिन्यांनी डॉक्टर यानाबाहेर दुरुस्तीला गेली आणि परत आलीच नाही. पुढच्या भागात यानात तिचं कोणी नावही घेतलं नाही.

“लागू पडलं आपलं पत्र!” काका ओरडले. देवांगनने पेढे आणले. काकूंनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “काय केलं होतं तिनं?”

“अवं, जुना डॉक्टर बाप्या होता ना!”

“मंग?”

काकांनी दुसरा पेढा उचलला. काकूंनी उरलेला अर्धा पेढा डब्यात परत ठेवला.

*

त्यानंतर आठवड्याभरात देवांगन आला तो बसलाच नाही. दारातच उभा. पुरानी बस्तीत एक कनेक्शन कापायला गेला होता. घर एका रिटायर्ड मराठी मास्तरीणबाईंचं.

“मैंने पूछा, दीदी, क्यों कटवा रही हो? तो बोलीं, लड़की दिखती थी इसलिए लिया था. अब दिखती नहीं.”

भिंतीवर फोटो होता. आमच्या डॉक्टरचा! अपूर्वा तिचं नाव. आमच्याच गावची, आमच्याच भाषेची पोरगी. दर भागाच्या शेवटी पडद्यावर तिचं नाव यायचं. आम्ही कधी वाचलंच नाही. तेव्हा आम्ही चुका मोजत असायचो.

“तार मैंने ही काटा, काका,” देवांगन म्हणाला.

*

अपूर्वा मुंबईहून घरी आलीय असं कळलं, तसे त्या रविवारी आम्ही तिघं गेलो. मास्तरीणबाईंनी चहा दिला. अपूर्वा समोर खुर्चीवर बसली, पडद्यावर दिसायची त्यापेक्षा लहानखुरी.

“बेटा, आम्ही ‘यान अकेला’चे जुने...” काकांनी सुरुवात केली.

“अच्छा! रायपुर से एक चिट्ठी आई थी,” आमच्याकडची पोरं बोलतात तशी ती हिंदीतच म्हणाली. “बत्तीस पॉइंट की. मीटिंग में सबके सामने पढ़ी गई. इकतीस पे सब हँसे. मैं भी हँसी, कई तो सही थे.” मग म्हणाली, “बत्तीसवें पे कोई नहीं हँसा. सब मेरी तरफ देखने लगे.”

“कोण असंल तो?” तिची आई म्हणाली. “आपल्याच गावचा माणूस, अन् असं लिहिते! त्याच्या घरी लेकीबाळी नसतील का?”

मग काकांनी कप खाली ठेवला.

“मी लिहिलं, बाई,” ते म्हणाले. “बत्तीसच्या बत्तीस. म्हातारपणी अक्कल गेली माझी. माफ करा.”

देवांगनने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

मास्तरीणबाईंनी बिस्किटांची बशी थोडी पुढे सरकवली, काकांच्या दिशेने. काकांनी एक उचललं, पण खाल्लं नाही. हातातच धरून बसले.

अपूर्वा माझ्याकडे वळली. चांगली हसून म्हणाली, “और भैया, आप? आप भी देखते थे?”

“मी?” मी म्हणालो. “कधीमधी.”