शेरवानीची बटणं

बरकतपुऱ्याच्या स्टॉपवर एक म्हातारे चाचा रोज माझ्याच बसला असत. भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, आणि बोटं सारखी कापडाने मढवलेल्या बटणांवरून फिरत असायची. एके सकाळी एका बटणाची शिवण उसवलेली दिसली. आत निजामाच्या काळातली सोन्याची अशरफी! म्हणजे सगळीच बटणं...

सोनं बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा नुकताच उठला होता. मी हळूच म्हणालो, "चाचा, कानून तो उठ गया. लॉकर में रखो ना, अब कायकू डरते?"

"कानून उठ्या मियाँ," बटण मुठीत झाकत ते म्हणाले, "लोगां तो हैंच ना."

बस आली. ते चढले नाहीत. खिडकीतून पाहिलं, तर छातीशी मूठ धरून ते खांबाआड लपले होते. माझ्यापासून.