माझं गप्प बसणं आणि ताईचा कांदा

आमच्या ऑफिसात 'गारपीट' हा शब्द कुलपात असतो. उपग्रहाकडून ढगांची चित्रं येतात, आम्ही चौघं ती बघून तालुक्यातालुक्याचा अंदाज लिहितो, आणि तो शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जातो. पाऊस, वारा, धुकं, काय हवं ते लिहा. गारपीट लिहायची तर आधी साहेबांनी हेड ऑफिसला विचारायचं, हेड ऑफिसने हो म्हणायचं, मग आम्ही लिहायचं.

याला कारण आहे. मागे एकदा आम्ही गारपिटीचा इशारा दिला. द्राक्षवाल्यांनी घाबरून साखर भरायच्या आतच माल तोडला, आणि आभाळ दिवसभर कोरडं ठाक. लोक गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात येऊन बसले. खालचा शेती औषधांचा दुकानदार, एरवी चहा पाजणारा, तोही त्यांच्याबरोबर शिव्या घालत होता. दुधाने तोंड पोळलं, तेव्हापासून आम्ही ताक फुंकतोय. उन्हाळ्यात ढग दिसो न दिसो, एकच वाक्य जातं: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. पाऊस आला तरी आम्ही बरोबर, नाही आला तरी बरोबर.

दुसरा नियम असा, की मेसेजमध्ये आहे त्याहून एक अक्षर जास्त कुणाला सांगायचं नाही. घरच्यांना तर मुळीच नाही. एका सहकाऱ्याने कांद्याचा व्यापार करणाऱ्या आपल्या मेव्हण्याला मेसेजच्या आधी सांगितलं, मेव्हण्याने हात धुऊन घेतले, याची नोकरी गेली. नियम चांगला आहे, आजही विचारलंत तर चांगलाच म्हणेन. माझ्या बहिणीचा कांदा वाचावा आणि जिची बहीण आमच्याकडे कामाला नाही तिचा भिजावा, हे कुठल्या न्यायात बसतं? चीड त्याचीच येते. नियम मूर्ख असता तर केव्हाच मोडला असता.

माझी थोरली बहीण बागलाण तालुक्यात नामपूरला दिलीय. त्यांचा उन्हाळ कांदा. तो उपटला की लगेच साठवणीच्या चाळीत भरत नाहीत, शेतातच ओळीने मांडतात, त्याचीच पात त्याच्यावर पसरतात आणि काही दिवस सुकू देतात. तेवढे दिवस खाली कांदा, वर आभाळ, मधे काही नाही. तेव्हा ताईचा रोज फोन. "काय गं, आभाळ काय म्हणतंय?" मी म्हणायची, "मेसेज वाच." मागून दाजी त्यांच्या बोलीत विचारायचे, "मेव्हणीबाई, काय शे मग आज?" त्यांनाही तेच. "मेव्हणी कसली, नुसती पोस्टाची पेटी शे," म्हणून ते हसायचे. मीही हसायची.

त्या दुपारी बागलाणच्या पश्चिमेला एक ढग उभा राहिला. उपग्रह ढगाकडे वरून बघतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच. याचा माथा भलताच थंड होता, आणि पुढच्या चित्रात तो आणखी फुगला. मी गारपीट लिहून साहेबांसमोर ठेवलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, अजिजीने बोलले. उत्तर आलं, अजून एक चित्र बघा. अजून एक आलं, साहेबांनी पुन्हा फोन लावला, तर पलीकडचे मीटिंगमध्ये. साहेब घाम पुसत म्हणाले, "नेहमीचा तरी जाऊ दे. काहीच न जाण्यापेक्षा बरं." गेला. तुरळक ठिकाणी, शक्यता.

तेवढ्यात ताईचा फोन. "सगळा कांदा खाली पडलाय गं. मजूर घराकडे निघालेत. झाकायला थांबवू का?"

समोर पडद्यावर तो ढग, शेजारी साहेब. "मेसेज आलाय, तो वाच."

"वाचला. रोजचाच आहे."

"परत वाच, ताई." आवाजात जेवढं घालता येईल तेवढं घातलं मी.

"बरं, तू कामात दिसतेस," म्हणाली आणि फोन ठेवला.

गारा पडल्या. पुढल्या दिवशी हेड ऑफिसचा मेल आला, बागलाणचा अंदाज बरोबर ठरला, अभिनंदन. साहेबांनी तो वाचून दाखवला नाही, नुसता माझ्याकडे पाठवला. मी तो उडवून टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

सुट्टीच्या दिवशी नामपूरला गेले. बांधावरूनच ठेचलेल्या कांद्याचा वास येत होता. ताईने चहा टाकला, माझ्या आवडीची शेव काढली. मला वाटलं होतं ती मला बोल लावेल. लावला असता तर बरं झालं असतं.

"तू काही बोलली नाहीस ना," ती म्हणाली, "म्हणून मी मजूर सोडले. गल्लीतल्या बायका विचारायला आल्या होत्या, तुझी बहीण काय म्हणते? म्हटलं, काहीच म्हणत नाही, म्हणजे काही नाही. मोठं काही असतं तर ती बोलल्याशिवाय राहिली नसती."

मेसेज आमचा कुणी वाचतच नव्हतं. अख्खी गल्ली माझं गप्प बसणं वाचत होती. मी तिला नियम समजावून सांगितला.

"म्हणजे संकट असलं तरी बोलायचं नाही?"

"नाही."

"आणि नसलं तरी?"

"तरी नाही."

"मग तुला ठेवलंय कशाला गं तिथं?" ती चिडवत होती, पण मला हसू आलं नाही.

परत आल्यावर मी साहेबांमार्फत हेड ऑफिसला कळवलं, की रोज एकच वाक्य पाठवलं तर लोक आमच्या गप्पपणाचाही अर्थ काढतात, काहीतरी करा. त्यांनी केलं. ड्यूटीवर असताना सगळ्यांनी मोबाइल ड्रॉवरमध्ये कुलूपबंद ठेवायचे. आगीतून फुफाट्यात.

ताईचा उशिरा लावलेला एक तुकडा वाचला होता. तोच आता त्यांचा सगळा कांदा. तो उपटला त्या दिवशी माझी ड्यूटी होती. चित्रात ढगाचा ठिपका नाही, बाहेर अंग भाजणारं ऊन. मेसेज अर्थात तोच, शक्यता. संध्याकाळी ड्रॉवर उघडला तर ताईचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. कुलपाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. मी घाईघाईने फोन लावला.

"झाकला गं सगळा," तिला दम लागला होता, पण खुशीत होती. "सकाळी तू फोन उचलला नाहीस, तेव्हाच ओळखलं. बोलायला बंदी आहे, म्हणून न उचलून सांगतेयस. गल्लीत पण सगळ्यांना सांगितलं. सकाळपासून ताडपत्र्या घातल्यात सगळ्यांनी."

सकाळपासून! नुकता उपटलेला ओला कांदा ताडपत्रीखाली कोंडला की त्याला घाम सुटतो, आणि सडायला लागतो. हे ताईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते माहीत असूनही तिने झाकला होता, माझ्या भरवशावर.

"उघड," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता उघड. काही येत नाहीये, ताई." नियम मोडला. एवढं सोपं होतं ते.

ती हळूच म्हणाली, "आणि गल्लीत? त्यांना काय सांगू? तुझं नाव सांगू का?"

त्या सहकाऱ्याचं रिकामं टेबल माझ्या समोरच आहे. मला हो म्हणायचं होतं. मी नुसती ड्रॉवरची किल्ली फिरवत राहिले.

"समजलं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

काय समजलं, मला कळलं नाही. मी लगेच परत लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग जिन्यात बसून राहिले, ती फोन का उचलत नसेल याचा अर्थ लावत.