कडुलिंबाची डहाळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सोलापूरच्या कडेला एक छोटं राखीव वन आहे. दर रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून मी तिथे जायचो. मल्लप्पा नावाचा रोजंदारीवरचा राखणदार होता तिथे, वळसंगचा. पक्ष्यांची पुस्तकी नावं त्याला येत नसत, घरटी मात्र सगळी पाठ. दाखवताना तो बोट वाकवायचा — वेलीवरची कोवळी काकडी दाखवताना ती सडू नये म्हणून आपल्याकडे बोट वाकवतात ना, तसं. मी सरळ बोट केलं की माझा हात खाली करायचा.

"सरळ बोट दावू नगा, सर. पिल्लास्नी सोसत न्हाय."

मला हसू यायचं. शिकलेला माणूस ना मी!

त्या एप्रिलात त्यानं नाचण पक्ष्याचं, म्हणजे पंख्यासारखी शेपटी फुलवणाऱ्या पाखराचं, घरटं दाखवलं. कडुलिंबाच्या खालच्या फांदीवर, टपरीवरल्या चहाच्या कपाएवढं, आत दोन उघडी पिल्लं. फोटोत एक डहाळी आडवी येत होती. मल्लप्पा पाणवठा भरायला गेला आणि मी — माझ्या बॅगेत कात्री होती. पाखरं बघायला कात्री घेऊन कोण जातं? मी जायचो.

डहाळी पडली आणि ऊन थेट घरट्यात उतरलं. आई आली, पंख पसरून, चोच वासून पिल्लांवर उभी राहिली. ती सावली धरत होती, हे मला कळत होतं. तरी मी तासभर फोटो काढले आणि घरी गेलो.

पिल्लं मेली. मल्लप्पानेच ते वनखात्याच्या साहेबांना कळवलं, दुसरं कोण कळवणार होतं? पुढच्या रविवारी साहेबांनी मला विचारलं, डहाळी कुणी तोडली असेल? मल्लप्पा शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "याच्याकडे शेळ्या आहेत ना?" एवढंच. शेळ्या होत्याच त्याच्याकडे, दोन. खोटं असं मी काही बोललो नाही — किती नीच हुशारी ही! तो माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम बंद झालं.

तो फोटो प्रदर्शनात लागला. खाली 'मातृत्व' असं नाव मीच दिलं होतं. बघताना बायकांचे डोळे भरून येत. अजून तो आमच्या हॉलमध्ये आहे, पाहुणे आले की बायको कौतुकाने दाखवते.

गेल्या वर्षी मंद्रूपच्या बाजारात मल्लप्पा दिसला, पोत्यावर कोथिंबीर मांडून बसलेला. मला टाळता आलं नाही. त्यानं जुडीवर आणखी मूठभर घातली आणि विचारलं, "त्ये पंख्यावानी शेपटीचं पाखरू आलं का हो यंदा?"

"आलं की," मी म्हणालो.

मला काय माहीत? त्या रविवारनंतर मी तिकडे फिरकलोच नव्हतो.